निवलेलं माप

होळीच्या आधीच्या सोमवारी, सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी, तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका मोटर-कारखान्याच्या माडीवर एका लेथवाल्याला 'निष्काळजी' ठरवण्यात आलं. वेळ माझी नाही, त्या लेथवाल्यांची आहे. मी 'दहाच्या सुमारास' असं लिहिलं होतं. त्यांनी ते खोडलं.

त्यांचं नाव लिहीत नाही, कारण त्यांनीच बजावलंय की चौकशीच्या कागदावरून तो शब्द निघेपर्यंत आपलं नाव कुठं छापायचं नाही. कारखान्याचं नाव मात्र निव्वळ भीतीने गाळलंय. आमच्या छापखानेवाल्याला तीन मुलं आहेत आणि त्या कारखान्याच्या छापील फॉर्मांचं काम त्याच्याकडेच येतं. या विषयावर मी आजवर सहा पत्रकं काढली. सहाही वाचून लोकांनी त्यात भेळ खाल्ली. हे सातवं पत्रक नाही. ओरडून ओरडून माझा घसा बसलाय, आता नुसतं सांगते.

मी वाइंडिंग खात्यात होते. चिंचणीहून सकाळच्या एसटीने आम्ही चौदा जणी बोईसरला यायचो आणि दिवसभर मोटरच्या पोटातल्या खाचांमध्ये तांब्याची तार भरायचो. आमच्या आणि लेथ खात्याच्या मध्ये पत्र्याची भिंत होती. तिच्यातल्या दारातून ढकलगाडी यायची. गाडीवर ओतीव लोखंडाच्या बॉड्या, त्यांची दोन बाजूंची झाकणं, आणि झाकणांच्या प्रत्येक थप्पीवर मापांचं एक कार्ड. झाकणाच्या मधोमध एक गोल भोक असतं, त्यात बेअरिंग बसते. ते भोक कापायचं काम काकांचं.

आम्ही त्यांना काका म्हणायचो. युपीकडची पोरं म्हणायची 'ठंडा चाचा'. काका तापट नव्हते म्हणून नव्हे, तर कुठलाही जॉब निवल्याशिवाय ते मोजत नसत म्हणून. निवू दे, हा त्यांचा दिवसातून शंभर वेळा यायचा शब्द. शंभर हे मी अंदाजे म्हणतेय, आणि त्यांना कळलं तर तेही खोडतील.

भिंतीच्या सावलीत त्यांनी स्वतः आणून टाकलेली कडाप्प्याची एक मोठी लादी होती. कापलेली झाकणं लेथवरून उतरली की त्या लादीवर रांगेने पालथी. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत त्यांना कुणी हात लावायचा नाही. एकदा आमच्यातली एक मुलगी जाता जाता त्यावर डबा ठेवायला गेली. तिला म्हणाले, "उचल तो. बाळंतिणी हायत त्या. डब्याची ऊब नको त्यांना." तेव्हापासून सगळा कारखाना त्या लादीला बाळंतघर म्हणायला लागला. कारखान्याचे साहेबसुद्धा म्हणायचे, हसून. पुढे हसायचे बंद झाले.

मी नवी होते तेव्हा विचारलं होतं, एवढं काय त्यात. त्यांनी मला लेथजवळ नेलं. नुकतंच कापलेलं एक झाकण होतं. त्यात भोकाचं माप घ्यायचं गेज घातलं आणि काटा कुठं थांबतो ते मला दाखवलं. झाकण लादीवर ठेवलं. दुसऱ्या दिवशी सुटीच्या वेळेला मला बोलावून तेच झाकण, तेच गेज. काटा दीड घर मागे. दीड घर म्हणजे केसाच्या जाडीचा चौथा हिस्सासुद्धा नाही.

"लोखंड कापलं का तापतं," ते म्हणाले, "तापलं का फुगतं. फुगलेलं भोक मोठं दिसतं, बरोबर? तू म्हणशील, वा, माप आलं. सकाळी तेच भोक आवळलेलं. त्यात बेअरिंग ठोकलीस का ती गुदमरणार. दोन महिने फिरेल, चार महिने फिरेल. मग तापेल, आणि तुझं वाइंडिंग जाळेल. शेतकरी कोणाला शिव्या घालेल? तुला."

हे मी विसरले नाही. लक्षात ठेवायला हवं होतं तेवढं मात्र विसरले, ते पुढे येईलच.

स्वतःच्या अंगाच्या उबेवरही त्यांचा विश्वास नव्हता. गेज फडक्यात धरायचे, आणि फडकं म्हणजे धुऊन धुऊन मऊ झालेलं जुनं बनियन. मोजायच्या आधी कुणाचा हात हातात घेत नसत. एकदा मुंबईहून मोठे साहेब कारखाना बघायला आले आणि यांच्या लेथजवळ येऊन त्यांनी हात पुढे केला. काकांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले. म्हणाले, आता नाय साहेब, मोजायचंय, मग भेटू. मोठे साहेब गोंधळून हसले. आमचे साहेब हसले नाहीत. तो हवेत राहिलेला हात त्यांनी नीट जपून ठेवला, असं मला नंतर वाटलं.

चहा मात्र उकळता लागायचा. बशीत ओतून पिणाऱ्यांची त्यांना कीव यायची. किती वाजले विचारलं तर सांगायचे, "नऊ सतरा. घड्याळ दोन मिनिटं पुढं हाय. म्हणजे सव्वानऊ." एवढं ऐकेपर्यंत विचारणारा निघून गेलेला असायचा. काका त्याच्या पाठीला उत्तर पूर्ण करायचे.

ते मूळचे सातपाटीचे. घरातले सगळे समुद्रावर, हे एकटे बोटींच्या इंजिनांत रमले आणि तिथून लोखंडात आले. माझी आई बोईसरच्या बाजारात सुकी मासळी घेऊन बसायची. मी मोठ्या कौतुकाने काकांना तिच्याकडे घेऊन गेले. त्यांनी बोंबील उचलला, वाकवला, वास घेतला आणि विचारलं, किती उन्हं दाखवलीत याला. आई म्हणाली, चार. काका म्हणाले, तीन. आणि घेतला तोच बोंबील, तक्रार न करता. ते गेल्यावर आई माझ्यावर उखडली. "मासळी घेवाला आला का पोरगी बघवाला? परत आणू नको त्याला." मग टोपली झाकता झाकता हळूच म्हणाली, "तीनच होती गो. चवथ्या दिवशी आभाळ आला."

सकाळी लादीवरची झाकणं मोजून झाली की जी बरोबर असतील त्यांच्या आतल्या तोंडावर, बेअरिंगच्या बाजूला, काका पंच म्हणजे टोकदार पोलादी खिळ्याने तीन टिंबं ठोकायचे. बारीक, त्रिकोणात. मोटर जोडली गेली की ती टिंबं कुणाला दिसायची शक्यताच नाही. मी विचारलं, हे कोण बघणार. म्हणाले, "मोटर जळेल तेव्हा उघडणारा बघेल. त्याला कळेल, हे झाकण निवून मोजलेलं हाय. दोष दुसरीकडं शोध, बाबा." कारखान्याच्या कुठल्याही कागदात त्या टिंबांची नोंद नव्हती. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, कुणी अडवलंही नव्हतं.

दसऱ्याच्या आधी पाच हॉर्सपॉवरच्या पंप-मोटरींची मोठी ऑर्डर आली. दिवाळीला माल बाहेर पडलाच पाहिजे होता. आठवडाभर झाकणं नेहमीसारखी लादीवर निवली, मग साहेब लेथ खात्यात आले आणि त्यांनी हुकूम केला की आजपासून मशीनवरच मोजायचं आणि मशीनवरच कार्डावर सही करायची. दुपारी चार माणसांनी लादी उचलली. ती कॅन्टीनच्या नळाखाली गेली. आजही तिथे आहे. लोक तिच्यावर डबे घासतात.

मी तेव्हा युनियनमध्ये नवीनच होते आणि मला सगळ्याचं उत्तर एकच माहीत होतं. मी काकांना म्हटलं, नकार द्या, काम थांबवा, आम्ही आहोत. ते म्हणाले, "कापायचा पगार घेतो, म्हणून कापणार. पण गरम माप माझ्या नावावर नाय." दुसऱ्या दिवसापासून टिंबं बंद. आणि कार्डावर प्रत्येक मापापुढे त्यांनी शाईने एक अक्षर घालायला सुरुवात केली: ग.

आमच्याकडे गाडी आली तेव्हा ते मला दिसलं. मी विचारलं, त्यांनी सांगितलं. ग म्हणजे गरम मोजलं. माप लिहा म्हणाले, लिहिलं. कसं मोजलं तेही लिहिलं. एवढं सरळ.

माल दिवाळीला गेला. माघात परत यायला लागला.

टेम्पोतून उतरलेल्या मोटरींना जळक्या वार्निशचा वास होता. साहेबांनी पहिल्यांदा आम्हा चौदा जणींना ओळीत उभं केलं. वाइंडिंग जळलं म्हणजे वाइंडिंगवाल्या कामचुकार, असा हिशेब. कुणी गप्पा मारत तार भरली, कुणाचं लक्ष एसटीच्या वेळेवर होतं, सगळं ऐकवून झालं. दोघी रडायला लागल्या. त्या वेळी काका पत्र्याच्या दारातून आत आले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. एक मोटर त्यांनी उघडायला लावली, निळी पडलेली बेअरिंग बोटाने फिरवून बघितली, फिरली नाही. झाकणाच्या आतल्या बाजूवर फडकं फिरवलं. टिंबं नव्हती.

"पोरींचा दोष नाय साहेब," ते म्हणाले. "बेअरिंग आवळलीय. गरम मोजलेलं झाकण हाय. माझ्याच लेथवरचं."

साहेबांना एवढंच पाहिजे होतं. आता चौदा जणींना धरायची गरज उरली नाही. माझ्याच लेथवरचं, हे शेवटचे शब्द त्यांनी उचलले आणि आधीचे खाली टाकले. आठवड्याभरात काकांच्या हातात कागद आला: निष्काळजीपणे चुकीची मापं नोंदवल्याबद्दल चौकशी.

आता माझी पाळी होती. कार्डांवरचा 'ग' लेथ खात्याबाहेर फक्त मी वाचला होता, आणि त्याचा अर्थ मला ठाऊक होता. मी बसले आणि पत्रक लिहिलं. त्यात सगळं होतं: भांडवलशाही, शेतकऱ्यांची फसवणूक, कामगारांची एकजूट. आणि एक वाक्य असं: 'ऑर्डरीतल्या प्रत्येक कार्डावर त्यांनी धोक्याची सूचना लिहिली होती.' दुपारच्या सुटीत मी ते काकांना वाचायला दिलं. वाटलं, डोळ्यांत पाणी येईल.

त्यांनी खिशातून तांबडी पेन्सिल काढली. भांडवलशाहीला हात लावला नाही. 'प्रत्येक' या शब्दाभोवती गोल केला.

"तू किती पाहिलीस?"

मी म्हटलं, तुम्ही लिहिलं ना सगळ्यांवर?

"मी लिहिलं ते मी सांगेन. तू किती पाहिलीस?"

मी बोटांवर मोजलं. आमच्या टेबलाकडे आलेल्या गाड्या, त्यातली वाचलेली कार्डं. अकरा.

"मग अकरा लिही. आणि आज छापू नको. एक रात्र निवू दे."

अकरा. कारखान्याच्या फाटकावर उभं राहून अकरा कार्डं म्हणून ओरडायचं? कोण थांबेल ऐकायला? मला वाटलं, हा माणूस लेथवर ठीक आहे, लढ्यातलं त्याला काय कळतं. मी त्याच संध्याकाळी पत्रक सायक्लोस्टाइलवर काढून वाटलं. 'प्रत्येक' तसंच ठेवलं, उलट त्याच्याखाली रेघ ओढली.

चौकशी माडीवर झाली. चौकशी अधिकारी म्हणून पालघरचे एक वकील नेमले होते, गोड बोलणारे, सगळ्यांना 'बसा, बसा' म्हणणारे. कारखान्याने कार्डांच्या टाइप केलेल्या नकला ठेवल्या. नकलांत मापं होती, सही होती, 'ग' नव्हता. मूळ कार्डं कुठे आहेत विचारलं तर उत्तर आलं, स्टोअरमध्ये वाळवी लागली. काकांनी मागणी केली की परत आलेल्या मोटरी इथे आणून उघडा, झाकणांवर टिंबं आहेत का बघा. उत्तर आलं, त्या भंगारात गेल्या. मग मला बोलावलं.

मी सांगितलं, कार्डांवर 'ग' लिहिलेला मी स्वतः पाहिलाय. वकिलांनी मान हलवली. त्यांनी शांतपणे माझं पत्रक काढून समोर ठेवलं.

"बाई, इथं 'प्रत्येक कार्डावर' असं छापलंय. प्रत्येक कार्ड तुम्ही पाहिलंत?"

"बरीच पाहिली."

"बरीच म्हणजे किती?"

साहेब माझ्याकडे बघत होते. अकरा हा आकडा माझ्या जिभेवर होता. पण पत्रकात 'प्रत्येक' होतं, त्याच्याखाली रेघ होती, आणि अकरा म्हटलं असतं तर मीच खोटी पडले असते. मी म्हटलं, "पन्नास तरी."

काका माझ्या उजव्या हाताला खुर्चीवर बसले होते. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही.

"अकरा," ते म्हणाले. "तिनं अकरा पाहिलीत. मला मोजून सांगितलंय."

साहेबांनी खाली मान घालून हसू लपवलं. वकिलांनी लिहून घेतलं की साक्षीदाराच्या स्वतःच्या विधानांत मेळ नाही, पत्रकात एक, तोंडी दुसरं, आणि आरोपीच्याच म्हणण्यानुसार तिसरं. सबब साक्ष विश्वासार्ह नाही. आणि आमचे साहेब उठता उठता काकांना म्हणाले, "काय हे. ती तुमच्या बाजूने होती की."

काका म्हणाले, "माप बाजूनं नसतं, साहेब."

नऊ वाजून चाळीस मिनिटांनी कागदावर 'निष्काळजी' हा शब्द पडला, आणि काकांची नोकरी गेली. अकरा कार्डं सांगणारी एक साधी साक्षीदार त्यांच्याजवळ असती तर काय झालं असतं, हे मला माहीत नाही. कदाचित हेच झालं असतं. कारखान्याचं ठरलेलंच होतं, कार्डं वाळवीने नाही, माणसांनी खाल्ली, आणि तो अपराध त्यांचाच आहे. त्यातला कणभरही मी माझ्या अंगावर घेणार नाही. पण त्यांना जी फट हवी होती ती मी करून दिली.

खाली उतरल्यावर मी रडले, आणि रागावलेही. म्हटलं, गप्प बसला असतात तर काय बिघडलं असतं. ते जिन्याच्या पायरीवर बसले आणि चपलेचा अंगठा नीट करत राहिले. मग म्हणाले, "पन्नास ऐकलं तेव्हा मला वाटलं, आता मीपण खोटा. आतापर्यंत फक्त कागद खोटा होता."

आता ते सातपाटीला असतात. बर्फाच्या कारखान्यात कॉम्प्रेसर सांभाळतात. मी महिन्या-दोन महिन्यांनी जाते. बोलणं फारसं होत नाही. डाव्या कानाने आता ऐकू येत नाही त्यांना. किती येत नाही हे मात्र ते नेमकं सांगतात: घड्याळ कानापासून वीतभर आणलं की टिकटिक कळते, त्याच्या पुढे नाही. मी नुकसानभरपाईची गोष्ट काढली, कामावर परत घेण्याची काढली. त्यांनी मान हलवली. पत्र्याच्या पेटीतून तो कागद काढला, घड्या उघडल्या आणि एका शब्दावर बोट ठेवलं.

"हा काढून दे. बाकी काय नको. कापायला चुकलो म्हण, वय झालं म्हण, उलट बोललो म्हण. पण निष्काळजी?"

मग कागद घडी करून परत ठेवला.

साहेब बदलले. नव्या साहेबांना मी भेटले. त्यांनी सभ्यपणे सांगितलं की जुनं प्रकरण आहे, पुरावा आणा, विचार करू. वाक्य चांगलं आहे. पुरावा तुमच्याच वाळवीने खाल्ला हे त्यांना सांगून उपयोग नव्हता. पण परतीच्या एसटीत माझ्या डोक्यात आलं की सगळा पुरावा काही त्यांच्या स्टोअरमध्ये नव्हता. लादी उचलली त्याच्या आधी त्या ऑर्डरीतली काही झाकणं निवून मोजलेली होती, टिंबं असलेली. ती आणि नंतरची बिनटिंबांची, दोन्ही मोटरींत बसून बाहेर गेली. टिंबवाल्यांची बेअरिंग मूळचीच असेल आणि बिनटिंबांची बदलावी लागली असेल, तर दोष काकांच्या हाताचा नाही, गरम मोजायच्या हुकुमाचा. सगळ्याच परत आल्या नाहीत. त्या चिंचणीच्या वाड्यांत आहेत, कोळगावाकडच्या विहिरींवर आहेत, डोंगराकडच्या एखाद्या पाणीयोजनेत आहेत. तुमच्याकडेही असेल. पोपटी रंगाची, पाच हॉर्सपॉवरची, वरची पाटी तारापूरची.

म्हणून मागणी कारखान्याकडे नाही, तुमच्याकडे आहे. ती मोटर बंद करा. निवू द्या. मग रिवाइंडिंगवाल्याला बोलवा आणि तो झाकण काढेल तेव्हा शेजारी उभे राहा, मागून ऐकीव सांगू नका. आतल्या तोंडावर, बेअरिंगच्या बाजूला, फडकं फिरवून बघा. तीन टिंबं आहेत की नाहीत, आणि बेअरिंग मूळची आहे की बदललेली, एवढं एका चिठ्ठीवर लिहा, खाली सही करा आणि हे पान ज्याने तुमच्या हातात दिलं त्याच्याकडे द्या. टिंबं नसतील तर नाहीत असं लिहा. नीट दिसलं नाही तर नीट दिसलं नाही असं लिहा. काकांची कीव येऊन एकही टिंब वाढवू नका.

मला प्रत्येक मोटर नको आहे. तुम्ही स्वतः पाहिलेली एक द्या.